रकाना सात

धर्मादाय आयुक्तांच्या फॉर्मवर
सातव्या रकान्यात छापलंय : संस्थेची उद्दिष्टे.
खाली तीन ओळींची जागा.
कोराडीच्या वीजकेंद्रात एकतीस वर्षं
मी बॉयलरचे आकडे नोंदवले, अक्षर बरं आहे,
म्हणून हे काम माझ्याकडे आलं.

आधी लिहिलं : मानवजातीचे कल्याण.
शंभरकर म्हणाले, खोडा.
आपण अठरा जण,
इंदोऱ्यात टायरच्या दुकानावरची ही एवढीशी खोली,
मानवजात मावायची कुठं?

मग लिहिलं : दर रविवारी संध्याकाळी सहाला बसणे.
तेवढंच खरं होतं.
श्वास येतो, त्याला येऊ देणे.
खालून तापल्या रबराचा वास येतो,
त्यालाही.

मे महिन्यात कूलरवरून भांडण झालं होतं.
बंद ठेवा, ध्यानात आवाज कशाला, असं निम्मे म्हणाले.
बुद्धानंही नागपूरचा मे पाहिला नव्हता, असं निम्मे.
कूलर चालू राहिला.
त्याची घरघर आम्ही एकोणिसावा सभासद धरली.
आता मधेच लाइट गेली
की शांतता धप्पकन अंगावर येते
आणि लीना चहांदे डोळे न उघडता हसते.
हे उद्दिष्टांत कसं लिहायचं?

वर्गणी नाही, हे लिहिता येईल.
दाराशी डालड्याचा जुना डबा आहे,
आम्ही त्याच्याकडे पाठ करून बसतो,
मुद्दाम.

कौतिकाबाईंचं मात्र कुठल्याच ओळीत बसेना.
मैत्रीभावनेत एका टप्प्यावर
ज्याचं तोंड पाहवत नाही, त्याचं भलं चिंतायचं असतं.
त्या तिथंच उभ्या राहिल्या.
कामठीत चाळीस वर्षं बिड्या वळलेली बोटं
पदरात गुंडाळून म्हणाल्या,
"ज्यानं माह्या मायच्या ओंजळीत
वरून पाणी टाकलं, त्याचं भलं?
म्हणजे हिसाब माफ का जी?"

कोणी काही बोललं नाही.
मी तर नाहीच. आमच्याही घरात तसली एक ओंजळ आहे.
त्या दाराकडे गेल्या.
वाटलं, आता परत येत नाहीत.
त्या पाणी प्यायला गेल्या होत्या,
आमच्याच माठावर,
स्वतःच्या हातानं, पेला बुडवून.

चार महिन्यांनी
बाहेरच्या चपला सरळ लावताना
कोणी न विचारता म्हणाल्या,
"हिसाब वहीत हाये. खोडला नाही.
पण वही आता उशाखाली नाही ठेवत."

दसऱ्याच्या दोन दिवसांत आम्ही ध्यानाला बसत नाही.
दीक्षाभूमीच्या रस्त्यावर बादल्या, मलम, चिंध्या घेऊन
गडचिरोलीहून, लातूरहून चालत्या आलेल्या
टाचा धुतो.
एका पोरानं पाय ओढून घेतला.
"काका, तुम्ही मोठे, माझ्या पाया काय पडता?"
पडत नाही बाबा, म्हटलं,
काच शोधतोय. पाय दे.

काल फॉर्म घेऊन सिव्हिल लाइन्सला गेलो.
खिडकीतल्या बाईंनी सातवा रकाना दोनदा वाचला.
"ध्यान म्हणजे नेमकं काय करता?"
बसतो.
"आणि?"
उठतो.
त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "उठून?"
माझ्यामागे रांग होती,
आणि मला उत्तर येत होतं, पण ते लांब होतं.
त्या म्हणाल्या, जोडपत्र लावा,
फक्त सगळ्यांच्या सह्या हव्यात. अंगठाही चालेल.

कौतिकाबाई म्हणतात, अंगठा नाही देत.
लीनाकडून शिकताहेत, जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर.
'कौ'पर्यंत आल्या आहेत,
वरच्या मात्रा अजून एकमेकींवर पडतात.
शंभरकरांनी विचारलं, शेवटची तारीख कधी?
मी सांगितली.
बरं, म्हणाले, आणि कूलरमध्ये पाणी टाकायला उठले.