गेट लांब आहे

शुक्रवारी, दुपारची पातेली घासून झाली
की मेसच्या तिसऱ्या टेबलावर आमचा वर्ग भरतो.
फळा म्हणजे सेफ्टीच्या जुन्या पोस्टरची पाठ.
मास्तर मी, जुबैलच्या या कॅम्पातला स्टोअरकीपर,
बी.ए. दुसऱ्या वर्षाला सुटलेलं, विषय इंग्रजी.

त्या दिवशी निघून जाण्याची क्रियापदं घेतली.
म्हटलं, इंग्रजीत क्रियापदाला शेपूट लावतात
आणि सगळा जीव त्या शेपटात,
पालीच्या तुटल्या शेपटात असतो तसा.

टेक ऑफ म्हणजे विमान उडणं.
हेल्मेट काढतात तेही टेक ऑफच.
सेट ऑफ, पहाटे डबा घेऊन निघणं.
चेक आउट हॉटेलातून करतात. हॉटेलात कोण राहिलंय?
कुणी हात वर केला नाही. पुढे गेलो.
गेट आउट मला शिकवावं लागलं नाही,
ते फोरमननं सगळ्यांकडून पहिल्याच आठवड्यात पाठ करून घेतलेलं.

नियामत परकारला वाटायचं, गेट म्हणजे फाटक.
गेट आउट, फाटकाबाहेर. बरोबरच होतं तसं.
"मग गेट अवे काय, मास्तर? गेट लांब आहे?"
सगळे खो खो हसले, मीही.
लांब आहेच. मेसपासून चारशे पावलं,
पुढे वॉचमनची केबिन, पुढे हायवे,
आणि हायवेपलीकडे पाय रुतेल तिथपर्यंत वाळू.

"रन अवे आणि गेट अवेत फरक काय?"
हे दिगंबर घाडीनं विचारलं.
देवगडकडचा, मचाण बांधणारा,
वर्गात एरवी त्याचा आवाज नसायचा.
म्हटलं, रन अवे म्हणजे पळणं.
गेट अवे म्हणजे पळून हाताला न लागणं.
पुढच्या खेपेला वाक्यं करून आणा.

त्यानं वहीत आणली, देवनागरीत.
माय गोट रॅन अवे.
माय गोट डिड नॉट गेट अवे.
आणि खाली मराठीत एकच शब्द: बिबट्या.
मी लाल पेनानं बरोबरची खूण केली.

पाच महिन्यांचा पगार थकलेला.
पासपोर्ट ऑफिसच्या लोखंडी कपाटात,
माझ्या हातमोज्यांच्या रजिस्टरच्या वरच्या कप्प्यात.

मंगळवारी रात्री नऊला त्यानं सेफ्टी बेल्ट जमा केला,
रजिस्टरात सही केली, पूर्ण नावानं.
रात्री नऊला बेल्ट कोण जमा करतं,
हे मला तेव्हा सुचलं नाही.
"येतो, मास्तर."
"ये," म्हटलं, मोबाइलमधून मान न काढता.

बुधवारी हजेरीला त्याच्या नावापुढे कुणी बोललं नाही.
ऑफिसातून मला बोलावणं, इंग्रजी बरं म्हणून.
हुरूबच्या अर्जाला चार ओळी जोडायच्या होत्या.
मॅनेजर म्हणाला, लिही, रॅन अवे.
मी पेन धरून बसलो.
वॉक्ड आउट लिहावं तर त्यात राग दिसतो,
आणि राग त्याच्याकडे पाहिला नव्हता कधी.
वेंट आउट लिहावं तर
कोपऱ्यावरच्या बकाल्यात दूध आणायला गेल्यासारखा.
नुसतं लेफ्ट, बिनशेपटाचं, मॅनेजरला चालेना.

शेवटी काय बोलला, असंही विचारलं होतं.
खरं तेच लिहिलं. ही सेड, आय ॲम कमिंग.
मॅनेजरनं दोनदा वाचलं.
"केव्हा?"
म्हटलं, सर, आमच्याकडे दारातून असंच म्हणतात.
तो माझ्याकडे बघत राहिला. मग ती ओळ खोडायला लावली.
रॅन अवे राहिलं, माझ्या अक्षरात.

त्याच्या बंकवर घडी घातलेली चादर,
खोबरेल तेलाची अर्धी बाटली
आणि भिंतीला खडूनं मोजलेले एकशे त्रेपन्न दिवस.
वळवळत नव्हतं काही.

पुढच्या शुक्रवारी सगळे वेळेवर आले.
परकारनं हात वर केला, हसला नाही.
"मास्तर, घाडीचं कुठलं? रन की गेट?"
मी पोस्टर पुसायला घेतलं, पुसलेलंच होतं.
म्हटलं, आज आपण रंगांची नावं करू.
ब्लू. निळा.
कुणी वही उघडली नाही.