पिंप

हरिपूर रोडला मैनुद्दीन मुल्लाच्या दुकानात
निळी पिंपं, पालथी.
रांजण कळतो मला, मातीतला आहे;
पापणीला गाठ आली
तरी रांजणवाडीच म्हणतो आपण.
पण पिंप?

"गलबतातून आलं," मैनुद्दीन म्हणाला. "फिरंग्यांचं पिपा.
दारू संपली, नाव बुडाशी राहिलं,
आपण त्यात नळाचं पाणी भरलं."
आणि अनुस्वार?
"तो इथलाच. पोकळ वस्तू नाकातून बोलते."

पुढं कृष्णा जिन्याच्या सहाव्या पायरीवर आली तेव्हा
चार पिंपं, दोन फळ्या, नायलॉनची दोरी.
वर कवलापुरे वहिनी, मांजर, गॅसची शेगडी.
शब्द समुद्र विसरला नव्हता.

मैनुद्दीन छातीभर पाण्यात
एकेक बूच
पुन्हा आवळत होता.