अकरा आणि बारा

प्लास्टरला पाणी कोमट लागतं.
ऊन घेतलं तर पट्टी हातातच घट्ट होते,
गार घेतलं तर रात्रभर ओली राहते.
किती कोमट, ते सांगून कळत नाही.
पंचवीस वर्षं मी कोपर बुडवून बघतोय,
न्हाऊ घालणारी बाई बाळाचं पाणी बघते तसं.

गुंडाळून झालं की पाच मिनिटांत पाय तापतो.
नवा पेशंट दचकतो, "मामा, आत चटका बसुलालाय!"
बसू दे म्हणतो. चुनकळी पाण्यात तापते, तसलंच हे.
निवेल आता.
निवलं की धरलं.

आमच्याकडं ट्रॅक्शनला विटा.
लोखंडी वजनं आली होती एकदा खोक्यातून,
चार उरली, बाकीची कुठं गेली विचारू नका.
विटा खानापूरच्या, खणखणीत भाजलेल्या,
गॉजमध्ये बांधून वर मी खडूनं लिहिलेलं
अडीच, पावणेतीन, सव्वादोन.
मोडकी मांडी आखडून वर सरकते,
तिला खाली ओढत राहायचं, घाई न करता.
दोरी, कप्पी, आणि पलंगाच्या पायथ्याशी
हवेत लटकलेली माती.

उसाचा सीझन लागला की आमचाही लागतो.
बिनदिव्याच्या ट्रॉल्या, रस्त्यात पडलेली कांडी,
हेल्मेट आरशाला अडकवून निघालेली पोरं.
केसपेपर इंग्रजी, दारावरची पाटी कन्नड,
ओरडणं ज्याचं त्याचं.
मी दोन्हीत विचारतो, "नोवैतेन? दुखतंय काय?"
एकजण म्हणाला, कशात जास्त दुखेल ते सांगा,
त्यात उत्तर देतो.

अकरा नंबरला कडोलीचा ओमाण्णा,
एकोणीस वर्षांचा, मांडी दोन ठिकाणी, तीन विटा.
बारा नंबरला हुक्केरीकडचा रायप्पा,
नडगी मोडलेला, ट्रॅक्टरचा ड्रायव्हर.
पोलीस केसच्या वहीत दोघं एकाच पानावर.
एकच रात्र, एकच वळण, खाली शिपायाची एकच सही.
पोराला आठवत होता फक्त पेट्रोल पंप,
त्यापुढचं काही नाही.

मी वही मिटली.
सिस्टर फिलोमिनानंही वाचली असणार,
ती त्या आठवड्यात दोघांचं टेंपरेचर
जरा जास्तच वेळा घेत होती.

रायप्पाची बायको एक दिवसाआड यायची,
खडक भाकरी, शेंगाची चटणी, डब्यात दही.
अर्धी भाकरी अकरा नंबरला जायची.
पोराला कन्नड चार शब्द, त्याला मराठी सहा.
एवढ्यावर त्यांनी काय काय बोलून घेतलं देव जाणे.
एकदा दोघं हसत होते,
आणि हसताना ओमाण्णाच्या विटा हलत होत्या.

मला वाटलं, ह्यालाही ठाऊक नाही.
वाटलं, बरं आहे.

मग एका रात्री, बेडपॅन नेताना, त्यानं मनगट धरलं.
"मामा, हुडुगन कालु उळीतैतेन?"
पोराचा पाय राहील का.
त्याच्या स्वतःच्या पायाचं त्यानं कधी विचारलं नव्हतं.
तेव्हा कुठं मला लागलं एक जुनं गणित.
पहिल्या दिवशी त्याला खिडकीजवळचा चौदा नंबर मिळालेला.
वारा लागतो म्हणून बदलून घेतलान त्यानं.
मार्चमध्ये. बेळगावात.
पंखा बंद असताना.

"उळीतैती," मी म्हणालो.
त्यानं मनगट सोडलं नाही लगेच.
माझ्या हातावर प्लास्टर वाळलेलं,
त्याच्या बोटांना त्याची पावडर लागली.

शनिवारी तो गेला, कुबड्या उलट्या धरून,
दारापाशी सरळ केल्या फिलोमिनानं.
अकरा नंबरकडं त्यानं मागं वळून बघितलं नाही.
उशाशी डबा तेवढा राहिला, धुतलेला.

ओमाण्णा म्हणाला, "चांगला होता की ओ माणूस.
नाव काय त्याचं पूर्ण? गाव कुठलं?
बरा झालो की जाऊन येईन म्हणतो."

डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितलं होतं.
मी पावणेतीनची वीट सोडवली,
सव्वादोनची बांधली.
दोरी जरा हलली,
मग थांबली.