कल्ले

परळला, हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत,
दातांच्या दवाखान्यावर एक खोली आहे.
दर गुरुवारी साडेचारला मी तिथे जाते
आणि घरी सांगते, रेशनिंगच्या ऑफिसात काम आहे.

पहिले तीन गुरुवार मी आकडेच बोलले.
ऑक्सिजन ब्याऐंशी, वजन एक्केचाळीस,
वरचं प्रेशर, खालचं प्रेशर.
ह्यांनी तेहतीस वर्षं लोकांच्या जिन्याखाली वाकून
विजेचे मीटर वाचले,
आता मी ह्यांचे वाचते.
तुस्कानो मॅडम वसईच्या. वहीत काही लिहीत नाहीत.
खाली दात कोरायचं मशीन सुरू झालं की थांबतात,
बंद झालं की म्हणतात, "हं."

चौथ्या गुरुवारी तोंडून निघून गेलं:
"मॅडम, मी त्यांना मनात कधीच मारून टाकलंय.
पहिला फोन कुणाला, ठरलंय.
त्यांचे स्वेटर कुणाला, तेही.
परवा तांदूळ धुवायला घेतले, चक्क एकाच माणसाचे.
आणि ते आत खोकत होते."
वाटलं, आता ही बाई म्हणणार, असं बोलू नये.
ती म्हणाली, "एका माणसाचे तांदूळ किती होतात?"
मी ओंजळ करून दाखवली.
मग रडले. मशीन चालू होतं, बरं झालं.

निघताना म्हणाली, "त्यांना काहीतरी विचारा.
औषधाचं नको. फक्त त्यांनाच ठाऊक असलेलं."

लग्नाला एकोणचाळीस वर्षं.
विचारायचं काय उरलेलं असतं?
दोन दिवस सुचलं नाही. रविवारी सुचलं.
"अहो, मासळी ताजी आहे हे ओळखता कसं?"

नाकातल्या नळीसकट ते उठून बसले.
"डोळ्यांवर जाऊ नकोस, डोळे फसवतात.
कल्ला उघडायचा. आत लालभडक हवा.
काळपट दिसला की पुढची पाटी.
आणि पहिला भाव ऐकून वाद नाही घालायचा,
नुसतं उठायचं."
मधे दोनदा थांबले, दम घ्यायला.
मी आकड्याकडे बघितलं नाही.

भोईवाड्याच्या बाजारात चांगुणाच्या पाटीपुढे बसले,
अंगठ्याने पापलेटचा कल्ला उघडला.
ती म्हणाली, "आज तू? मीटरवाले शेट कुठं हायती?"
"घरी आहेत."
आहेत.
घराच्या पायरीपर्यंत तेवढंच पुटपुटत आले.

त्यांनी खाल्लं नाही. आता गिळवत नाही.
कालवण चमच्याच्या टोकाने जिभेला लावलं,
डोळे मिटले, म्हणाले,
"कोकम कमी पडलं. मासा बरा आणलास."

येत्या गुरुवारी मॅडमना एवढंच सांगेन.
आणि घरी सांगेन, रेशनिंगचं काम नव्हतंच.
त्यांना बहुतेक ठाऊक असेल.
कुठल्या घरात किती जळतंय
हे त्यांना दाराबाहेरूनच कळायचं.