थाळी क्रमांक ४१२

सकाळी साडेसातला मी इन्क्युबेटरचं दार उघडते
तेव्हा मडगावात पदेराच्या सायकलचं पों-पों लांब गेलेलं असतं.
थाळी चारशे बारा.
इनास कार्दोज, वय एकसष्ट, चिंचिणें,
डाव्या तळपायाची जखम, पू.

रात्रीत जंतूंनी आगरावर साय धरली आहे.
(या जेलीचं नावही आगरच,
फक्त इथं मीठ पिकत नाही.)
सायीवर काल ठेवलेल्या सहा कागदी टिकल्या,
प्रत्येकीत एकेक औषध,
अठरा तास भोवती झिरपत राहिलेलं.
काहींभोवती गोल, स्वच्छ अंगण.
पट्टी लावते: बावीस मिलिमीटर. एकोणीस.

एका टिकलीला मात्र साय थेट येऊन टेकली आहे,
जणू तिथे नुसता कागदच होता.

हीच कॅप्सूल शेजारच्या पिएदादनं त्याला दिली,
तिच्या खोकल्यातून उरलेली. पाच होत्या.
खोकला तिचा तसाही आपोआप गेला असता.
यानं तीन घेतल्या, ठणका कमी झाला,
दोन ठेवल्या पुढच्या वेळेला.
दोष त्या तीन कॅप्सूलचा,
की गावोगावच्या तीन लाखांचा,
ते थाळी सांगत नाही.

अकराला तो स्वतःच आला, पाय प्लास्टिकच्या पिशवीत.
"सगळ्यांत जबर असेल तें बरय, बाय."
लिहिणारी मी नव्हे, डॉक्टर.
पण नियम मोडून मी त्याला थाळी दाखवली,
झाकणासकट, काचेपलीकडून.
बावीसच्या त्या स्वच्छ अंगणात
दोन कण उभे होते,
मोहरीहून बारीक.

त्यानं खिशातून चष्मा काढला. बराच वेळ पाहिलं.
"कुर्ल्यांचीं बिळां," म्हणाला.

तीस वर्षं तो खाजनाचा बांद राखतोय.
कालवाच्या शिंपीनं पाय कापला तोही तिथंच.
"भरतीनं बांद फुटत नाही.
बोटभर बीळ असतं.
ओहोटीला दिसतं ते, पण ओहोटीला
माणूस कंदील विझवून घरी जातो."

ताप उतरतो तेव्हा, मी म्हटलं.
तो काही बोलला नाही.

मग मीच विचारलं:
एका बिळासाठी मानशीची सगळी दारं उघडाल?
"पिशी गो तूं! शेत खारं जाईल.
तीन पावसाळे भात नाही."
पोटातही एक शेत असतं, इनासबाब.
जबर औषध
कुर्ली आणि भात ओळखत नाही.

एवढंच बोलणं.
बाकीचं डॉक्टर बघतील: किती दिवस,
आणि मात्रा किती कमी,
कारण मूत्रपिंडाचा आकडाही चांगला नाही
आणि औषधाला बाहेर पडायला वाट लागते.

जाताना त्यानं काउंटरवर वर्तमानपत्राची पुडी ठेवली.
आत त्या दोन कॅप्सूल.
एकीला घामानं खळगा पडलेला.

संध्याकाळी थाळ्या वाफेच्या भांड्यात जातात,
एकशेएकवीस अंशांवर सगळे सारखे मरतात.
चारशे बारा आधी उघडते.
तार ज्योतीत लाल करून निववते,
अंगणातल्या दोनांपैकी एक कण उचलते,
नव्या थाळीवर ओढते.
चारशे तेरा.

उद्या, साडेसातला.