आठशे पंचवीस

वफ्र्याच्या टोमॅटोच्या शेडमध्ये
टोमॅटो नव्हते.
लोखंडी मांडण्यांवर दोनशे चाळीस कार्डं,
एकेकाला तीन पंखे,
आणि मी, वायरमन, आयटीआय कराड,
रात्रपाळीला.

वेलींसाठी बसवलेल्या ओल्या जाळ्या,
त्यांची गार हवा आता कार्डांना.
बाहेर रात्री अकराला एक्केचाळीस अंश.
आमच्या केबिनचा एसी मे महिन्यापासून मुका.
"आधी कार्डं," मिशाल म्हणायचा.
माणूस वाईट नव्हता, हिशेबी होता.

फोनवर अलकानं विचारलं,
नक्की पिकतं काय तिथं?
म्हटलं, आकडे.
जुळला की पैसे.
"मग मटकाच की," ती म्हणाली,
आणि गॅसवर दूध आहे म्हणून फोन ठेवला.

मिशालला घाई.
वाढव, अजून वाढव, घड्याळ पळव.
मी रात्री गुपचूप उलटं करायचो.
कोअर खाली, मेमरी तेवढी वर,
व्होल्टेज एकेक पायरी उतरवत
नऊशे, साडेआठशे, आठशे पंचवीस.
कार्ड अडखळलं की एक पायरी मागं.
काम तेवढंच, वीज पाऊण.
दोन घास कमी जेवलेला माणूस
चढावर बरा चालतो, तसं.
परकारला पटलं. तो खेडचा, होडीच्या इंजिनावर वाढलेला.
मिशाल सकाळी यायचा, पडद्यावर बोट ठेवायचा,
सगळं पुन्हा वर.

जुलैत वास आला.
वायरमनला धुराआधी वास कळतो.
सोळावी मांडणी, स्वस्तातला अडॅप्टर,
प्लास्टिक मेणासारखं ओघळलेलं.
काडीएवढी तार आणि तिच्यावर बैलाचा भार.
मी सांगितलं होतं.
लिहूनही दिलं होतं, इंग्रजीत, चुकांसकट.
परकारनं मेन स्विच खाली ओढला.

आणि सगळे पंखे
एकामागून एक
उतरत
थांबले.

एकोणीस महिन्यांत पहिल्यांदा
शेजारच्या शेतातली शेळी ऐकू आली.
मग माझ्या कानातली शिट्टी.
शेळी नंतर गप्प झाली,
शिट्टी अजून आहे.

वीजखात्याची माणसं आली तेव्हा
आम्ही राख झाडत होतो.
त्यांनी मीटरचे फोटो काढले, पाणी मागितलं, सील लावलं.
तीन महिन्यांचा पगार अडकला.
मिशालनं वेलची घातलेली कॉफी पाजली,
स्वतः ओतली, छोट्या कपात, तीन वेळा,
आणि म्हणाला, कार्डं न्या, हवी तेवढी.
मी चार घेतली, परकारनं सहा.
टेकबहादुरनं जाळ्यांचा पाण्याचा पंप मागितला.
आमच्यात शहाणा तोच.

हवल्लीच्या दुकानदारानं सल्ला दिला,
धूळ काढ, नवी पेस्ट लाव,
गेमिंगची होती म्हण.
मी ब्रशनं पाती पुसली,
जुनी पेस्ट खरवडली, वाळलेल्या चुन्यासारखी.
गिऱ्हाईक म्हणजे एक पोरगा, मिसरूड फुटलेला.
कार्ड नाकाला लावून विचारलं,
माइनिंगचं आहे?
हो म्हणालो.
तीन कार्डं अर्ध्या भावात गेली.
परकार दोन दिवस बोलला नाही.

चौथं टॉवेलात गुंडाळून गावी आणलं, पुतण्याला.
खोक्यावर मार्करनं लिहिलं,
हे एकोणीस महिने झोपलेलं नाही.

काल सुयोगचा मेसेज.
काका, बर्फातली शर्यत खेळतोय,
एकशे दहा फ्रेम! अजून वाढवू?
सोबत फोटो.
पांढराशुभ्र डोंगर, निळी गाडी,
आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात
तापमान, एक्क्याऐंशी.

आठशे पंचवीसवर आण, असं टाइप केलं.
खोडलं.
पोराचं वयच वर चढवायचं.
मग लिहिलं,
तार जाड वापर.
आणि झोपताना बंद कर.