फ्रिजरवरचा कागद

विशांत बोटीवर गेला त्याला सात महिने झाले.
तिकडे तो तीन हजार माणसांना शिजवून घालतो
आणि जाताना मला बजावून गेला,
आई, कप्तानला शिजवलेलं घालायचं नाही.
मांजरांनाही नाही.

कागद फ्रिजरच्या दारावर चिकटवलाय.
मांस इतकं, हाड इतकं, काळीज इतकं.
सोनाराकडे असतो तसला काटाही आणून ठेवलाय.
ह्या घरात सोनं कधी तोललं नाही,
मी कोंबडीच्या माना तोलते.

सुरुवातीला हातांना पिशव्या बांधून कापायचे.
आदोळी वेगळी केली. नारळाची ती नारळाची,
ह्यांची परसात, रगड्यामागे.
हरमलचा कायतान पाय तोडून देता देता हसायचा,
बाय, तूं खायना, आनी म्हजें व्हडलें गिरायक तूंच!

खात नाही हे खरं.
हे गेले त्या वर्षापासून मासळी बंद.
कोणी सोड म्हटलं नव्हतं.
कोणी खा असंही म्हटलं नाही.

कप्तान गिळतो. चावणं त्याच्या गावी नाही.
रिकामं भांडं चाटत चाटत
पायरीवरून अंगणात घेऊन जातो.
तिखी रगड्यावर बसून खाते,
एकेक तुकडा हुंगून, जणू मी काही लपवलंय.
भिकू आपला वाटा कपाटाखाली ओढून नेतो.
मधल्या दारात मी काठी घेऊन उभी,
कारण स्वतःचं संपलं की कप्तानला आठवतं
ही दोघं आपलीच माणसं.

कागदात एक घोळ होता.
काळीज दोनदा लिहिलेलं, वजनं वेगळी.
फोन आला तेव्हा विचारलं.
म्हणाला, अगं, एक यकृत, एक हृदय.
यकृत बेतानं, जास्त झालं तर बाधतं.
हृदय मांजरांना हवंच, नाहीतर नजर जाते त्यांची.
म्हटलं, आमच्यात दोन्हीला काळीजच म्हणतात बाबा,
धडधडतं त्यालाही, तुटतं त्यालाही.
पलीकडे कसलंसं यंत्र घरघरत राहिलं.
मग म्हणाला, हाडं शिजवू नकोस हं.
शिजलेलं हाड फुटतं, घशात टोचतं.
कच्चं वाकतं.

परवा रात्री तेरेखोलच्या अंगाने वारा सुटला,
रस्त्याकडेचा काजू तारांवर आडवा झाला
आणि केरीत दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेपर्यंत वीज नाही.
डब्यांवर मी वार लिहून ठेवते.
सोमवार, बुधवार, शनिवार,
सगळे एकाच दिवशी वितळून
एकमेकांच्या पाण्यात बसले.
कप्तानला दुप्पट घातलं. मांजरांना दुप्पट.
उरलं ते बादलीत घेऊन फेरीच्या धक्क्यावर गेले.
तिथल्या कुत्र्यांनी
काटा नाही, कागद नाही,
बादलीसुद्धा धुऊन दिली.

परत आले तर मोरीत दोन बांगडे राहिलेले,
सत्यवतीकडून मांजरांच्या नावाने घेतलेले.
बोटाने दाबून पाहिलं, कण्यापाशी अजून बर्फ.
तिघंही ओट्याखाली पसरलेली, पोटं टम्म,
हाक मारली तर फक्त शेपट्या हलल्या.
कागदाच्या शेवटच्या ओळीखाली
विशांतने दोन रेघा मारल्यात:
एकदा वितळलेलं परत गोठवायचं नाही.

बराच वेळ उभी होते.
मग मीठ लावलं. हळद लावली.
आगळाची बाटली कुठे ठेवली होती ते
हाताला माहीत होतं.
रवा जरा जाडच होता, शिऱ्याचा.
तवा चरचरला तसा भिकू दचकून उठला;
तो आल्यापासून ह्या घरात
हा आवाज झाला नव्हता.

मेणबत्ती ताटाजवळ ओढून घेतली.
तिखी आली, ताटाला नाक लावलं,
माझ्याकडे पाहिलं,
तोंड फिरवून निघून गेली.

शिजवलेलं ती आता खात नाही.